हिरड्यांतून रक्त येत होतं : तेलाच्या गुळण्या, दातण आणि बारका ब्रश, ८ महिन्यांचा अनुभव

पेरूची फोड चावली आणि पांढऱ्या गरावर लाल रेघ उमटलेली दिसली तेव्हा मी खरी घाबरले. ब्रश करताना थुंकी गुलाबी तर कधीपासूनच येत होती पण मी म्हणायचे ब्रशच कडक असेल. त्यात मला ६ वर्षांपासून डायबिटीस.

आधी सगळं घरगुतीच केलं. सकाळी उपाशीपोटी चमचाभर तिळाचं तेल तोंडात १० मिनिटं घोळवायचं (आयुर्वेदात कवल म्हणतात ते), ते पातळ पांढरट झालं की कचऱ्याच्या डब्यात थुंकायचं, बेसिनमध्ये टाकलंत तर पाइप तुंबतो आणि गिळायचं तर अजिबात नाही. मग इथल्या, बडोद्याच्या खंडेराव मार्केटकडून आणलेलं बाभळीचं दातण, रात्री मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. दीड महिन्यात तोंड स्वच्छ वाटायला लागलं, वास कमी झाला, रक्त मात्र थांबेना. मध्ये ऑनलाइन एक दंतमंजन मागवलं, इतकं खरखरीत की हिरड्या सोलवटल्या, चार दिवसांत फेकलं.

शेवटी रावपुऱ्यात डेंटिस्टकडे गेले. त्यांनी बारीक सळईने एकेका दाताभोवती मोजलं, ते आकडे सांगतायत आणि सिस्टर लिहून घेतायत, ३, २, ३, ५, ६... ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्या पुढे गेलं की हिरडी दातापासून सुटून खिसा झालाय. आत जो थर होता तो क्षार साठून दगडासारखा घट्ट झालेला, तो तेलाने सुटत नाही, दातणाने नाही, मिठाने नाही. तो काढावाच लागतो. माझा सगळा दीड महिना त्या दगडावरून तेल फिरवण्यात गेला होता!

दोन सीटिंगमध्ये इंजेक्शन देऊन खोलवर सफाई झाली. स्केलिंगने (म्हणजे हा दगड खरवडून काढल्याने) दात हलतात असं आपल्याकडे सगळेच सांगतात, मलाही दोन दिवस फटी मोठ्या वाटल्या, पण सूज उतरली आणि मधला दगड गेला म्हणून त्या दिसतात. दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं, ते परत येत नाही. नुसती हिरडी सुजलेली असतानाच गेले असते तर सगळं पूर्ववत झालं असतं, याचं मला फार वाईट वाटतं. १५ दिवस क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला होता, त्याने चव जाते आणि दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून सांगितलेत तेवढेच दिवस वापरा.

खरा फरक पडला तो दातांच्या फटीत घालायच्या बारक्या ब्रशने. पहिल्या रात्री बाहेर काढून वास घेतला आणि कळलं मुलगी तोंडाच्या वासाबद्दल का बोलत होती. साइज डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, जबरदस्तीने घुसवू नका. दातण अजून आठवड्यातून दोनदा करते पण हलक्या हाताने, जोर लावला की हिरडी खाली सरकते. तेलही चालू आहे, ब्रशच्या जागी नाही, ब्रशच्या जोडीला.

३ महिन्यांनी परत मोजलं तेव्हा ६ चे ४ झाले होते. एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८.४ वरून ७.६ वर आलं, चालणंही वाढवलंय म्हणून सगळं श्रेय हिरड्यांना देत नाही, पण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आवरू देत नाही, हे दोन्हीकडून चालतं. डायबिटीस असेल तर साखरेच्या तपासणीबरोबर हिरड्याही दाखवाच.

आता सासूबाईंनाही घेऊन जाणार आहे, त्यांची मशेरी ४० वर्षांची, हिरड्या पार खाली गेल्यात आणि म्हणतात मशेरीनेच दात टिकलेत.