लॅपटॉपला ४३ इंची टीव्ही जोडून आठ महिने मुद्रितशोधन

मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन हे माझे काम असून, गेले आठ महिने ते मी लॅपटॉपला ४३ इंची फोरके टीव्ही जोडून करीत आहे. हस्तलिखिताचे स्कॅन केलेले पान आणि जुळवलेला मजकूर शेजारीशेजारी, वाचता येतील एवढ्या आकारात दिसावेत, एवढीच माझी गरज होती. ती भागली, मात्र पहिले दोन आठवडे डोळ्यांना फार त्रास झाला.

लॅपटॉपची एचडीएमआय जोडणी १.४ आवृत्तीची असल्यामुळे ३८४० × २१६० बिंदूंच्या, म्हणजे फोरके, चित्रासाठी ती सेकंदाला ३० फ्रेमच (चित्रेच) देत होती आणि पान सरकवताना ओळी अडखळत. यूएसबी-सी जोडणीतून चित्र बाहेर पडते हे लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पाहून, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, स्पष्टपणे नमूद केलेला अ‍ॅडॉप्टर घेतला, तेव्हा तो प्रश्न मिटला. यूएसबी-सीचे प्रत्येक छिद्र चित्र देतेच असे नाही, त्यामुळे खरेदीपूर्वी ही खात्री करून घ्यावी.

खरी अडचण अक्षरांची होती. काळा मजकूर बरा दिसे, पण लाल रंगातल्या माझ्या दुरुस्त्या, विशेषतः अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांची टोके, पाण्यात शाई उतरावी तशी पसरलेली दिसत. ज्या कामात एका अनुस्वाराने अर्थ बदलतो, तिथे हे चालण्यासारखे नव्हते. कारण शोधल्यावर कळले की टीव्हीकडे ४:२:० पद्धतीचा संकेत जात होता; त्यात उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची असते, रंगाची मात्र चार बिंदूंना मिळून एकच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय जोडणीसाठी वाढीव संकेताचा पर्याय सुरू केला, इनपुटचा प्रकार ‘पीसी’ निवडला आणि लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ४:४:४, म्हणजे रंगाचीही माहिती प्रत्येक बिंदूची, ठेवले. लाल अनुस्वार त्याच क्षणी टिंबासारखा टिंब दिसू लागला, आणि त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. अक्षरांभोवतीची पांढरी किनार घालवण्यासाठी टीव्हीची ‘शार्पनेस’ शून्यावर आणावी लागली. सुरुवातीला पडद्याच्या कडा कापल्या जाऊन टास्कबार अर्धाच दिसे. चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ केल्यावर तोही पूर्ण दिसू लागला.

४३ इंचांवर फोरके म्हणजे इंचाला सुमारे १०२ बिंदू होतात. मी टीव्ही भिंतीलगत, डोळ्यांपासून साधारण तीन फुटांवर ठेवला आहे आणि विंडोजमध्ये अक्षरे १२५ टक्क्यांवर वाढवली आहेत. टीव्ही दुकानातून आला तेव्हाचा त्याचा झगझगीत उजेड पांढऱ्या पानावर तासभरही सोसवत नाही. पार्श्वप्रकाश मी निम्म्याहून खाली आणला आहे.

एक गैरसोय मात्र अजून आहे. लॅपटॉप झोपेतून उठला तरी टीव्ही आपोआप सुरू होत नाही, रिमोट हाती घ्यावाच लागतो. टीव्ही बंद होताच सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर गोळा होतात. विंडोज ११ मध्ये जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय सुरू केल्यापासून त्या बहुतेक वेळा परत जागेवर जातात.