दाँ ल गू: बिलावरच्या तीन शब्दांनी मला साडेतीन हजार युरोंना कसं बुडवलं

फ्रान्समध्ये, लियाँला येऊन नऊ वर्षं झाली. फ्रेंचमध्ये भांडता येतं, तेव्हा आपल्याला कोण फसवणार, अशी घमेंड होती. ती एका खुर्चीनं उतरवली.

ज्याँ प्रुव्हे हा नाँसी या फ्रेंच शहरातला, लोहारकामातून वर आलेला फर्निचर डिझायनर. त्याची ‘स्टँडर्ड’ खुर्ची १९३४ची. बसणाऱ्याचा भार मागच्या पायांवर जास्त येतो, म्हणून ते पत्रा वाकवून केलेले, पोकळ आणि फुगीर. पुढचे पाय साध्या नळीचे. एवढंच. पण हे एकदा कळलं की दुसरी खुर्ची बघवत नाही. (बायकोचं मत: “आमच्या शाळेत मास्तरांना अशीच होती.”)

जाहिरात होती नाँसीजवळच्या जुन्या वसतिगृहातून निघालेल्या चार खुर्च्यांची; एकच उरलेली. प्रुव्हेनं विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी फर्निचर खरोखरच केलंय, त्यामुळे गोष्ट पटली. गॅरेजमध्ये खुर्ची पाहिली. रंगाचे टवके, गंज, प्लायवूडवर कुणा पोराचं कोरलेलं नाव! विकणारा दर वाक्याला ‘प्रुव्हे’ म्हणत होता. मी घासाघीस करून दोनशे युरो कमी केले आणि त्याच आनंदात बिल न वाचता खिशात घातलं.

महिन्याभरानं जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे सीट घट्ट करायला नेली. त्यानं खुर्ची उलटी केली आणि गप्प झाला. गंज फक्त डोळ्यांना दिसेल तिथेच होता. मागच्या पायाच्या पोकळीत टॉर्च मारला, तर आत पत्रा कोरा करकरीत. सीटची पुढची कड, जिथे सत्तर वर्षं मांड्या घासायला हव्यात, ती धारदार. आणि ओरखडे मात्र खालच्या बाजूला, जिथे कुणी बसत नाही.

मग बिल काढलं. त्यावर लिहिलं होतं: ‘दाँ ल गू द प्रुव्हे’.

फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१चा एक सरकारी आदेश आहे, त्यानं अशा शब्दांचे अर्थ बांधून दिलेत. ‘द प्रुव्हे’, म्हणजे ‘प्रुव्हेची’, एवढंच लिहिलं, तर ती त्याचीच असल्याची हमी. ‘आत्रिब्युए आ’ म्हणजे वस्तू त्याच्या काळातली, आणि त्याची असावी असं मानायला सबळ कारण. ‘दाँ ल गू द’, म्हणजे ‘त्याच्या पद्धतीची’, यात कसलीच हमी नाही. गिऱ्हाइकानं मागितलं, तर वस्तू कशाची, कुठली, किती जुनी हे विक्रेत्याला बिलावर लिहून द्यावंच लागतं. मी मागितलंच नव्हतं.

वकिलानं विचारलं, “तो प्रुव्हे म्हणाला, ते लेखी कुठे आहे?” सगळं फोनवर आणि गॅरेजात बोललेलं. एक मेसेज नाही. जाहिरातही तोवर काढून टाकलेली, आणि तिचा फोटो घेऊन ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा दिसली. वसतिगृह आता ग्रनोबलजवळचं झालंय, खुर्चीमागची गॅरेजची भिंत मात्र तीच. चारांतली एकच उरली आहे म्हणे.