एका ताईला तज्ज्ञ करावं, की सगळ्यांनाच मैदानावर शिकवावं?

मुलांची शिबिरं, खेळघरं किंवा क्रीडाकेंद्रं चालवणाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. दिव्यांग मुलं आपल्याकडे येऊ लागली आहेत, ती यावीत असं आपल्यालाही मनापासून वाटतं, पण प्रशिक्षणासाठी वेळ आणि निधी मोजकाच आहे. तो कुठे खर्च करायचा? मी दोन्ही वाटांनी गेलो आहे, म्हणून जे पाहिलं ते सांगतो. तुमची जागा, तुमची मुलं आणि तुमची माणसं वेगळी असतील, तेव्हा माझं मत एक अनुभव म्हणून घ्या.

पहिली वाट अशी की कर्मचाऱ्यांतल्या एका-दोघांना समावेशनाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांबरोबर सामावून घेण्याच्या, सविस्तर कोर्सला पाठवायचं. परत आल्यावर दिव्यांग मुलांची मुख्य जबाबदारी त्यांची. दुसरी वाट अशी की कोणाला कुठेच पाठवायचं नाही, जाणकार प्रशिक्षकालाच नेहमीचे खेळ चालू असताना बोलवायचं. तो सगळ्या ताई-दादांच्या शेजारी उभा राहतो, बघतो, हळूच सुचवतो, आणि खेळ संपला की थोडा वेळ बोलतो. असं हंगामभर अधूनमधून चालू राहतं.

तिसरी वाट बरेच जण घेतात: हंगामाच्या आधी एक दिवस सगळ्यांना एका खोलीत बसवून कार्यशाळा. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. जाणीव निर्माण व्हायला ती चालते. फक्त त्यात डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावणं, व्हीलचेअरवर बसवून फिरवणं असले प्रयोग असतील तर ते नकोच म्हणा. अशा प्रयोगांवर २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेणाऱ्यांच्या मनात अपंगत्वाविषयी भीती आणि असहायतेची भावनाच वाढल्याचं दिसलं होतं. पट्टी नुकतीच बांधलेल्या माणसाला अंधारात पडलेलं पहिलं पाऊल तेवढं कळतं. वर्षानुवर्षं न बघता वावरणाऱ्या मुलाचं कौशल्य त्याला कळत नाही.

आता मुख्य तुलनेकडे वळू.

कोर्सची बाजू भक्कम आहे, आणि सर्वांत भक्कम आहे ती सुरक्षेच्या बाबतीत. काही गोष्टी मैदानावर बघून शिकता येत नाहीत, कारण त्या तिथे रोज घडत नाहीत, आणि घडतात तेव्हा शिकायला वेळ नसतो. मुलाला आकडी आली तर तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करायच्या, शक्य होताच कुशीवर वळवायचं, घड्याळाकडे लक्ष ठेवायचं आणि झटके ५ मिनिटांपेक्षा जास्त चालले तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या अनेक मुलांना लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी असते, म्हणजे सजावटीचे साधे फुगेही त्यांना धोक्याचे ठरू शकतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो, त्यामुळे कोलांट्या किंवा ट्रॅम्पोलिनच्या आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. कोर्सहून आलेल्या आमच्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात साहित्याच्या खोलीतले फुगे काढून टाकले. असल्या बारीकसारीक गोष्टी कोर्सशिवाय आमच्या लक्षात आल्या असत्या असं मला वाटत नाही.

पालकांशी बोलण्यातही फरक पडतो. मुलाला काय आवडतं, तो कशाने बिथरतो, नको असेल तेव्हा ते कसं सांगतो, औषधं कोणती, हे प्रश्न कोर्स केलेली व्यक्ती नीट आणि न संकोचता विचारते. पालकांना समोरच्याचा आधार वाटतो.

हे सगळं असूनही माझं मन दुसरीकडे गेलं, आणि त्याला एक अगदी साधी गोष्ट कारणीभूत ठरली. दारात पालक विचारायचे, “आज ताई आहेत ना?”

सुरुवातीला हे ऐकून बरं वाटायचं. पुढे त्याचा अर्थ उलगडू लागला. ताई रजेवर असल्या की ते मूल आल्या पावली परत जायचं. कोणी त्याला नाही म्हणत नसे. पालकच अंदाज घ्यायचे आणि म्हणायचे, “मग उद्या येऊ.” ताई असल्या तरी आत वेगळं काही घडत नसे. मुलाने काही विचारलं, तो रुसला, त्याचा चेंडू लांब गेला, की जवळ उभा असलेला दादा म्हणायचा, “थांब, ताईंना बोलावतो.” आमचा दादा प्रेमळ होता, कामाला तत्पर होता. पण हे मूल ताईंचं, बाकीची माझी, अशी वाटणी नकळत झाली होती. कोर्स एकीने केला, म्हणून बाकी सगळ्यांना आपण शिकलेलो नाही याची खात्रीच पटली.

मुलंही तेच शिकली. सतत एक मोठं माणूस शेजारी असलेल्या मुलाला बाकीची मुलं थेट हाक मारत नाहीत, त्या मोठ्या माणसाला विचारतात, “तो खेळणार आहे का?” मोठ्या माणसासमोर मुलं आपसात कुजबुजत नाहीत, भांडत नाहीत, चिडवाचिडवी करत नाहीत. म्हणजे मैत्री ज्यातून होते तेच सगळं थांबतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं कलम ३० म्हणतं की दिव्यांग मुलांना खेळ, मनोरंजन आणि विरंगुळ्यात इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता आला पाहिजे. आमच्याकडे ते मूल त्याच मैदानावर, त्याच वेळी होतं, पण बरोबरीने नव्हतं. त्याला मोठ्यांची सोबत मिळत होती, मुलांची नाही.

ही गोष्ट मला दिवसेंदिवस टोचत राहिली. ताईंकडून काही राहून गेलं असं नाही. त्या जितकं चांगलं काम करत, तितके बाकीचे निर्धास्त होत.

म्हणून आम्ही प्रशिक्षकाला मैदानावर बोलावलं. पहिल्या दिवशी तिने काहीच शिकवलं नाही, नुसतं पाहिलं. दुसऱ्या वेळी पकडापकडी चालू होती आणि वॉकर घेऊन चालणारा एक मुलगा कडेला उभा होता. तिने दादाला एवढंच विचारलं, “या खेळात बदलता येण्यासारखं काय काय आहे?” दादाने विचार केला, मैदानाची सीमा आत ओढली, आणि ज्याच्यावर राज्य येईल त्याच्या हातात फोमची लांब नळी दिली. आता त्या मुलावर राज्य आलं तरी तो नळीने गडी बाद करू शकत होता. नियम सगळ्यांना सारखाच होता, म्हणून कोणालाही ती सवलत वाटली नाही. खेळ उलट जास्त रंगला, कारण नळी चुकवायला बाकीच्यांना वाकावं, वळावं लागत होतं.

नंतर बोलताना तिने त्या प्रश्नामागची चौकट सांगितली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘स्टेप’ नावाने ओळखली जाते: जागा (स्पेस), काम (टास्क), साहित्य (इक्विपमेंट) आणि माणसं (पीपल). खेळ जमत नसेल तर या चारांपैकी काय बदलता येईल ते बघायचं. या चौकटीत निदानाचं नाव कुठेच येत नाही हे मला फार मोलाचं वाटतं. मुलाला काय झालंय हे माहीत नसलेला दादाही पहिल्या दिवसापासून ती वापरू शकतो. मूल बदलायच्या मागे न लागता तो खेळ बदलायला शिकतो.

कोर्समध्ये चित्रांच्या वेळापत्रकाबद्दल, म्हणजे पुढे काय होणार हे चित्रांच्या कार्डांनी दाखवण्याबद्दल, शिकवतात, आणि आमच्या ताईंनी तशी कार्डं सुबक बनवलीही होती. पण स्वमग्न मुलांचा गोंधळ उडायचा तो खेळात नाही, एक खेळ संपून दुसरा सुरू होतो त्या मधल्या क्षणात. शिट्टी वाजायची, सगळी मुलं एकदम पळायची, आणि कार्ड दाखवायला ताई पोहोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. हे मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आता शिट्टीच्या थोडं आधी, ज्याच्या हातात शिट्टी आहे तोच कार्ड सगळ्यांना दाखवतो. त्याने स्वमग्न मुलांची सोय झाली, आणि नवीन आलेल्या, बावरलेल्या मुलांचीही.

दृष्टिहीन मुलाचा दंड धरून त्याला ओढायचं नाही, त्याला आपल्या कोपराला धरू द्यायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. कर्णबधिर मुलाशी बोलताना उजेड पाठीमागे नाही, आपल्या चेहऱ्यावर पडेल असं उभं राहायचं. व्हीलचेअरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ही यादी कोर्सही देतो. पण ती अंगवळणी पडते ती शेजारी कोणी असताना, त्याच क्षणी हळूच सांगितलं तर.

खेळांची निवडही सगळ्यांच्या हातात आली. गोलबॉल हा १९४६ साली दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी तयार झालेला खेळ. चेंडूत घुंगरू असतात, प्रत्येक खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी असते, आणि चेंडूचा आवाज ऐकू यावा म्हणून सगळ्यांना गप्प राहावं लागतं. वर ज्या पट्टीच्या प्रयोगाला मी नको म्हटलं, त्यापेक्षा हे निराळं आहे. इथे पट्टी कीव यावी म्हणून बांधत नाहीत, तो खेळाचाच नियम आहे, आणि दृष्टिहीन मूल त्यात बहुधा इतरांना भारी पडतं. बोचा, म्हणजे आपले चेंडू एका पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचा खेळ, तर बसून, उभं राहून, अगदी उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडूनही खेळता येतो. या दोन्ही खेळांत बहुतेक मुलांच्या शेजारी मोठं माणूस उभं करावं लागत नाही.

दुसऱ्या वाटेच्या अडचणीही सांगायला हव्यात. ती संथ आहे. कार्यशाळा किंवा कोर्स संपल्यावर हातात प्रमाणपत्र येतं, इथे दाखवायला काही नसतं. सगळं प्रशिक्षकाच्या स्वभावावर अवलंबून असतं. काही प्रशिक्षक न राहवून स्वतःच मुलाला हाताळू लागतात, आणि मग तीच नवी ताई होते. मुलाच्या देखत त्याच्याबद्दल चर्चा होऊ नये यावर आम्हाला बारकाईने लक्ष ठेवावं लागलं. आणि आकडीसारखा प्रसंग प्रशिक्षक समोर असतानाच घडेल असं नाही, म्हणून त्या बाबतीत या वाटेवर विसंबून राहता येत नाही.

यासाठी आमच्याकडे जी तडजोड जमली ती अशी. सुरक्षेचा भाग हंगामाच्या आधी एका बैठकीत सगळ्यांना शिकवायचा, अगदी दारावर नावं लिहून घेणाऱ्यालाही. उरलेला वेळ आणि निधी मैदानावरच्या प्रशिक्षणाला. आमच्या ताईंकडे आता कोणतंही एक मूल सोपवलेलं नाही. त्या पालकांशी पहिली भेट घेतात, आणि दादांना अडलं तर त्यांच्याशी बोलतात, शक्यतो खेळ संपल्यावर.

तुमच्याकडे हंगामी माणसं जास्त असतील तर मला वाटतं तुम्हीही याच बाजूला झुकावं. एकालाच कोर्स करवला आणि तो सोडून गेला, तर सगळं त्याच्याबरोबर जातं. कोर्सलाच आधी निवडावं अशीही परिस्थिती असते: तुमच्याकडे येणाऱ्या मुलांना नळीने अन्न द्यावं लागत असेल, श्वासाची यंत्रं लागत असतील, उचलून हलवावं लागत असेल, तर तिथे सखोल प्रशिक्षण झालेलं माणूस प्रत्येक पाळीत हवंच.

आमच्याकडे काय बदललं हे मी मोजलेलं नाही. दारात ताईंची चौकशी कमी झाली आणि मुलं ज्याच्या हातात चेंडू असेल त्याच्याकडे जाऊ लागली, एवढं मला दिसतं. माझ्यापुरतं ते पुरेसं आहे.

प्रशिक्षक ठरवताना त्याचं पहिलं वाक्य नीट ऐका. “मुलांची यादी आणि त्यांची निदानं आधी पाठवा” असं तो म्हणाला, तर तो जाणकार असेलही, पण मी आणखी दोघांशी बोलेन. “तुमचा नेहमीचा एखादा तास मला कडेला उभं राहून बघू द्या” असं म्हणणारा भेटला, तर त्याला हंगामभरासाठी ठरवून टाकेन.