सी ड्राइव्ह वाढवायचा असेल तर: विंडोजचे साधन, जीपार्टेड की विकतचे सॉफ्टवेअर?

सेतू केंद्र असो, लग्नपत्रिका छापणारे डीटीपीचे दुकान असो किंवा फोटो स्टुडिओ, मराठवाड्यातल्या लहान गावांतील असेंबल केलेल्या संगणकांवर एक अडचण हमखास आढळते: सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असते आणि डी व ई मात्र निम्मे रिकामे असतात. संगणक जोडून देणाऱ्याने त्या काळी सीला शंभर जीबी पुष्कळ आहेत असे समजून उरलेल्या जागेचे वाटे पाडले. पुढे विंडोजचे अपडेट, छपाईची सॉफ्टवेअर आणि डेस्कटॉपवरच साठवलेल्या फायलींनी ते शंभर जीबी संपवले. अशा वेळी पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या अशा प्रत्येक वाट्याचा, आकार बदलण्यासाठी तीन प्रकारची साधने समोर येतात, आणि त्यांपैकी कोणते घ्यावे याचा निर्णय सॉफ्टवेअरच्या कौतुकापेक्षा दोन साध्या गोष्टींवर ठरतो. मोकळी जागा डिस्कवर नेमकी कोठे आहे, ही पहिली. आणि काम चालू असताना वीज गेली तर काय होईल, ही दुसरी.

त्याआधी एक गोष्ट तपासावी. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर मुळात सीमध्येच असतात. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमधील लोकेशन या भागात जाऊन ते डीवर हलवता येतात, आणि डिस्क क्लीनअपमधून जुन्या विंडोजच्या शिल्लक फायली काढता येतात. ज्या दुकानात ग्राहकांचे सगळे आधार, सातबारा आणि उत्पन्नाचे दाखले वर्षानुवर्षे डेस्कटॉपवर साचलेले असतात, तेथे एवढ्यानेच काम भागते आणि पार्टिशनला हात लावण्याची वेळ येत नाही.

विंडोजचे स्वतःचे साधन

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक केली की डिस्क मॅनेजमेंट मिळते. पार्टिशन आक्रसण्याची आणि वाढवण्याची सोय त्यात विंडोज व्हिस्टापासून आहे. ती फुकट आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही, आणि बिटलॉकर या विंडोजच्या कुलूपबंदीच्या (एन्क्रिप्शनच्या) सोयीने सुरक्षित केलेले पार्टिशनही, कुलूप उघडलेले असेल तर, ती हाताळू शकते. मात्र तिची एक ठाम मर्यादा आहे: नेहमीच्या बेसिक डिस्कवर सी वाढवायचा असेल तर त्याच्या लगेच उजव्या बाजूला अनअलोकेटेड, म्हणजे काळ्या पट्टीने दाखवलेली जागा असावी लागते. डी निम्मा रिकामा आहे म्हणून तो आक्रसला, तर सुटलेली जागा डीच्या शेपटाकडे निघते, सीच्या शेजारी नाही. त्यामुळे एक्स्टेंड व्हॉल्यूम हा पर्याय फिकटच राहतो. अनेक जण येथेच हे साधन बिघडले आहे असे समजून दुसरे सॉफ्टवेअर शोधू लागतात. वस्तुतः साधन ठीक असते. पार्टिशन जागचे उचलून सरकवणे हे काम त्याच्याकडे दिलेलेच नाही. शेजारचे वावर रिकामे असेल तर धुरा सरकवता येतो, उभे पीक असेल तर आधी ते पीक हलवावे लागते, आणि डिस्क मॅनेजमेंट पीक हलवत नाही.

एमबीआर या पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर आणखी एक पेच असतो. अशा डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन बसतात, म्हणून डी, ई, एफ हे बहुधा एका हिरव्या चौकटीत, म्हणजे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत लॉजिकल ड्राइव्ह म्हणून बांधलेले असतात. डी पुसला तरी त्याची जागा काळी न होता पोपटी हिरवी दिसते आणि तिच्यावर अनअलोकेटेडऐवजी फ्री स्पेस असे लिहिलेले असते. ती जागा हिरव्या चौकटीच्या मालकीची असल्याने सीला मिळत नाही. चौकटीतील सर्व ड्राइव्ह रिकामे करून पुसावेत, मग ती हिरवी जागाही पुसावी, तेव्हाच पट्टी काळी होते आणि एक्स्टेंडचा पर्याय जागा होतो.

याच खिडकीत कधीकधी डिस्क डायनॅमिक, म्हणजे वाटे पाडण्याच्या वेगळ्या पद्धतीची, करू का, अशी सूचना येते. तिला होकार देऊ नये. डायनॅमिक डिस्क पुन्हा बेसिक करायची तर विंडोजच्या साधनाने तिच्यावरील सर्व व्हॉल्यूम पुसावे लागतात.

नव्या लॅपटॉपवर अडथळा वेगळा असतो. तेथे सीच्या उजवीकडे बहुधा काही शे एमबीचे रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला वाटा, असते, आणि त्यापलीकडे कितीही मोकळी जागा असली तरी सी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून हे पार्टिशन पुसता येत नाही. डिस्कपार्ट या कमांडने चालणाऱ्या साधनात ओव्हरराइड लावून ते पुसता येते, पण त्याआधी रिकव्हरीची सोय बंद करून नंतर ती पुन्हा उभारावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे एक सुरक्षा अपडेट याच पार्टिशनमध्ये पुरेशी जागा नसल्यामुळे असंख्य संगणकांवर अडकले होते, आणि ते २५० एमबीने कसे वाढवावे याच्या सूचना मायक्रोसॉफ्टला द्याव्या लागल्या होत्या. त्या सूचना कमांडच्या होत्या. ज्याला काळी खिडकी पाहून बुजायला होते त्याने हे काम जाणत्याकडे द्यावे.

जीपार्टेड

जीपार्टेड हे मुक्त परवान्याचे साधन २००४ पासून उपलब्ध आहे. पेन ड्राइव्हवर त्याची लाइव्ह आवृत्ती तयार करून संगणक त्यावरून सुरू करायचा. विंडोज त्या वेळी बंदच असते, त्यामुळे पेजफाइल (मेमरीला पूरक फाइल) किंवा हायबरनेशनची (संगणक झोपवतानाची स्थिती साठवणारी) फाइल उघडी असल्याने विंडोजमध्ये जे आक्रसणे अडते ते येथे सहसा अडत नाही. पार्टिशन डावी-उजवीकडे सरकवता येते, विंडोजच्या एनटीएफएस या फाइल पद्धतीबरोबर लिनक्सच्या पद्धतीही हाताळता येतात. केलेले सर्व बदल आधी यादीत जमा होतात आणि अप्लाय दाबल्यावरच डिस्कवर उतरतात, ही त्याची सोय मला विशेष आवडते, कारण चुकीचे पार्टिशन निवडले गेल्याचे लक्षात यायला मधे एक श्वास मिळतो.

त्याच्या अटी मात्र कडक आहेत. विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करून संगणक पूर्ण शटडाउन केलेला हवा, नाहीतर पार्टिशन अर्धवट झोपलेल्या स्थितीत असते आणि ते हात लावू देत नाही. बिटलॉकरने कुलूपबंद पार्टिशनचा आकार जीपार्टेड बदलत नाही. कुलूप पूर्ण काढूनच यावे लागते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हीच कुलूपबंदी, आपोआप चालू झालेले असते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून कोणतेही साधन वापरण्यापूर्वी कुलूप उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवणे आवश्यक आहे.

सर्वात महत्त्वाची बाब वेळेची आहे. पार्टिशनची सुरुवात सरकवताना जीपार्टेड त्यातील रिकामी जागासुद्धा उचलून दुसरीकडे लिहिते. सातशे जीबीच्या डीमध्ये दीडशे जीबीच फायली असतील, तरी पूर्ण सातशे जीबी हलवले जातात. त्यामुळे आधी डी घट्ट आक्रसून घ्यावा, मग सरकवावा आणि शेवटी पुन्हा वाढवावा. फिरत्या हार्ड डिस्कवर एकाच पात्यावरून वाचून त्यावरच लिहायचे असल्याने हे काम काही तास चालते. फिरते भाग नसलेल्या एसएसडीवर तेच काम पुष्कळ लवकर उरकते.

विकतची सॉफ्टवेअर आणि त्यांच्या मोफत आवृत्त्या

मिनीटूल पार्टिशन विझार्ड, आओमेई पार्टिशन असिस्टंट आणि ईझयूएस पार्टिशन मास्टर ही नावे शोधताच समोर येतात. त्यांचा खरा फायदा सोपेपणाचा आहे. विंडोजमध्ये बसूनच पट्टी ओढायची, आणि सीला हात लावायचा असेल तर ते स्वतः संगणक पुन्हा सुरू करून काम पुरे करतात. पेन ड्राइव्ह बनवणे, बूट मेनूची कळ शोधणे हे सोपस्कार वाचतात. मात्र मोफत आवृत्तीत काय मिळेल आणि कोठे पैसे मागितले जातील हे आवृत्तीगणिक बदलते, आणि काही मोफत आवृत्त्या फक्त घरगुती वापरासाठी असतात. दुकानाच्या संगणकासाठी परवाना वाचून घ्यावा. पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या क्रॅक केलेल्या प्रती तर पूर्ण टाळाव्यात. डिस्कच्या आराखड्यावर लिहिण्याची मुभा आपण ज्या सॉफ्टवेअरला देतो, ते कोणी उघडून पुन्हा बांधले आहे हे ठाऊक नसताना ती मुभा देणे शहाणपणाचे नाही.

विजेचा प्रश्न

जीपार्टेड आणि विकतची सॉफ्टवेअर यांची तुलना करताना परदेशी आढाव्यांत जो मुद्दा एका ओळीत उरकला जातो, तो आपल्याकडे निर्णायक ठरतो. उन्हाळ्यात हिंगोली किंवा बीडच्या एखाद्या तालुक्याच्या गावी दिवसा सलग चार तास वीज राहील यावर भिस्त ठेवता येत नाही. साधा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटे पुरतो. इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे, कारण साध्या मोडवर वीज बदलताना जो क्षणाचा खंड पडतो तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो. पार्टिशन सरकत असताना मध्येच वीज गेली, तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी राहतो, आणि तो सुरळीत परत मिळवणे महागाचे व अनिश्चित काम असते.

म्हणून फिरत्या हार्ड डिस्कचा डेस्कटॉप असेल, तर मी तिन्हींपैकी सर्वात साध्या साधनाची लांबची वाट निवडेन. डी आणि ई यांतील फायली एका बाह्य हार्ड डिस्कवर कॉपी कराव्यात, डिस्क मॅनेजमेंटमधून ते पुसावेत, सी हवा तेवढा वाढवावा, उरलेल्या जागेत नवा डी बनवून त्याला तेच अक्षर द्यावे आणि फायली परत आणाव्यात. यात वेळ जवळपास तेवढाच जातो, पण कॉपी चालू असताना वीज गेली तर मूळ फायली जागेवरच असतात. विंडोजमधील रोबोकॉपी वापरल्यास तीच कमांड पुन्हा दिल्यावर झालेल्या फायली सोडून ते पुढचे काम धरते. उपफोल्डरही घ्यायला सांगणारा पर्याय लावायला तेवढा विसरू नये. ड्राइव्ह पुसण्याआधी दोन्हीकडील फायलींची संख्या व आकार प्रॉपर्टीजमध्ये ताडून पाहावा आणि अधूनमधून काही फायली उघडून पाहाव्यात. छपाईच्या दुकानात मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचे फोल्डर किंवा हिशोबाचा डेटा डीवर बसवलेला असेल, तर तो प्रोग्राम पुन्हा बसवावा लागू शकतो, हे गृहीत धरावे.

लॅपटॉपला बॅटरी असते आणि आत एसएसडी असेल तर काम थोडक्यात होते. तेथे विजेचा धाक उरत नाही, आणि बॅकअप घेऊन जीपार्टेड किंवा विश्वासातले विकतचे सॉफ्टवेअर वापरण्यास हरकत नाही. पण लॅपटॉपवर एकच सी आहे म्हणून केवळ सवयीने डी पाडायचा असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमधील श्रिंक पुरेसे आहे. विंडोज नव्याने टाकताना डीवरील फायली वाचतात, हा त्याचा लाभ खरा. डिस्कच निकामी झाली तर मात्र दोन्ही एकदम जातात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शेजारी उबंटू ही लिनक्स प्रणाली बसवायची असेल, तर सी विंडोजकडूनच आक्रसावा आणि सुटलेली जागा काळीच ठेवून तिचे वाटे इन्स्टॉलरला पाडू द्यावेत.

डिस्क जुनी असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने तिची प्रकृती पाहावी. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग, म्हणजे खराब झालेले वा संशयास्पद, सेक्टर वाढत असतील, तर आकार बदलण्याचा विचार सोडून फायली बाहेर काढाव्यात आणि एसएसडी घ्यावी.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने काही जणांना याच खटपटीत विंडोज ११ वर जायचे असते. त्यासाठी यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी व्यवस्था) आणि जीपीटी (पार्टिशनच्या नोंदीची नवी) पद्धतीची डिस्क लागते. विंडोजमधील एमबीआरटूजीपीटी हे साधन डेटा न पुसता हे रूपांतर करते, पण डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते नकार देते. म्हणजे वर सांगितलेली हिरवी चौकट मोडावीच लागते. तेव्हा संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो का हे आधी पाहावे, आणि बसत असेल तर डी-ई रिकामे केल्यावर, नवा डी बनवण्यापूर्वीच, हे रूपांतर उरकून घ्यावे.