जुन्या डिझेल गाडीचा अल्टरनेटर: दुरुस्त करावा, बदलून घ्यावा की नवा टाकावा?

पंधरा-वीस वर्षं चाललेल्या सुमो, बोलेरोचा चार्जिंगचा दिवा मिणमिणायला लागला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर संशय आला, की वायरमन तीन वाटा सांगतो. आहे तोच उघडून दुरुस्त करायचा, जुना देऊन वर पैसे भरून तयार केलेला घ्यायचा, नाहीतर कंपनीचा नवा कोरा टाकायचा. सातारा, कराड, सांगली, मिरज, कुठेही या तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. दर दुकानागणिक वेगळे, पण क्रम ठरलेला: दुरुस्ती स्वस्त, अदलाबदलीचा मधला, नवा सगळ्यांत महाग. बहुतेक जण या क्रमावरूनच निर्णय घेतात. माझ्या मते निर्णय ठरायला हवा तो अल्टरनेटरच्या पाठीला बसलेल्या, ब्रेकला जोर पुरवणाऱ्या व्हॅक्युम पंपावरून.

त्याआधी अल्टरनेटरच गेलाय ना, एवढं नक्की करून घ्या. मीटर लावून चार्जिंग बघणं सगळ्यांना माहीत आहे, 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत आणि हेडलाइट, ब्लोअर, वायपर चालू करून जरा रेस दिली तरी आकडा 13.2 च्या खाली जाऊ नये. पण हे माप बॅटरीवर घेऊन थांबू नका. तोच भार ठेवून अल्टरनेटरच्या मागच्या जाड स्टडपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष वायरीत किंवा तिच्या टोकाच्या लगमध्ये आहे. मग अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. तिथे 0.2 च्या वर गेलं तर इंजिन ते चासी जाणारी अर्थिंगची पट्टी हिरवी पडली असणार. जुन्या गाड्यांत हे इतकं आढळतं की पट्टी घासून, नट आवळून मगच पान्हे काढावेत.

दिव्याचं वागणंही बरंच सांगून जातं. चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर बल्ब उडालेला असू शकतो, आणि त्या बल्बातूनच रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाला, पहिला करंट मिळतो. कुणी तिथे एलईडी बसवला असेल तर रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. साधा बल्ब टाकला की प्रश्न मिटतो. चावी बंद असतानाही दिवा मंद जळत असेल तर एसीचा डीसी करणारा डायोड गळतोय, रात्रीत बॅटरी उतरेल आणि सकाळी सेल्फ फिरणार नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तरी संशय डायोड प्लेटवरच. मात्र स्वस्त मीटर एसीवर ठेवला तरी डीसीच दाखवतो. टोकं उलटी करून आकडा फार बदलला तर त्या मीटरवर विसंबू नका.

एक खोड मात्र सोडायला हवी: इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघणं. बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि चांगला असलेला रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा डायोडही उडतो. या चाचणीनं अल्टरनेटर गेल्याचं कळतं खरं, पण कित्येकदा तो त्या चाचणीनंच गेलेला असतो.

अदलाबदलीच्या मालाची बाजू आधी नीट मांडतो, कारण त्याची सोय मोठी आहे. तासाभरात गाडी रस्त्यावर येते. पहाटे दूध गोळा करणारा पिकअप किंवा रात्रीतून भाजीपाला पुण्याला नेणारी गाडी दोन दिवस उभी ठेवणं परवडत नाही, आणि अशा माणसाला मी हा पर्याय चुकीचा म्हणणार नाही. पेट्रोल गाडी असेल तर आक्षेप आणखी कमी. मारुती 800, ओम्नीसारख्या गाड्यांत ब्रेक बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) व्हॅक्युम इंजिनच्या मॅनिफोल्डमधून मिळतो, अल्टरनेटरच्या पाठीवर काही नसतं. तिथे कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश), बेअरिंग, रेग्युलेटर ठीक असला की काम झालं.

पण बोली संपवण्याआधी तो हातात घ्या. शाफ्ट फिरवा, खरखर नको, आणि पुली धरून हलवल्यावर खेळ नको. बेअरिंगवरचा नंबर वाचता यायला हवा. तुमच्या पुलीशेजारी त्याची पुली धरा: खाच तेवढीच रुंद हवी आणि बॉडीपासून तेवढ्याच अंतरावर. दोन मिलिमीटरचा फरकही बेल्ट तिरका पळवतो, मग तो किंचाळतो आणि कडेनं धागे सोडतो. अल्टरनेटर इंजिनला बसतो त्या फौंडेशनच्या कानाचं भोक अंडाकृती झालं असेल तर ताण टिकणार नाही. वरून सिल्व्हर रंगाचा फवारा मारलेला असेल तर नखानं खरवडून खालचं ॲल्युमिनियम बघा. पांढरी भुकटी किंवा खड्डे दिसले तर तो पाण्यात राहिलेला माल आहे. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीत किती गाड्या बुडाल्या हे इथल्या कुणाला सांगायला नको. गाळ स्टेटरच्या (रोटरभोवतीच्या स्थिर भागाच्या) तारांत आणि बेअरिंगच्या मागे जाऊन बसतो, आणि रंगाखाली त्याचा इतिहास दिसत नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं पारडं झुकलं ती. सुमो, बोलेरोसारख्या अनेक जुन्या डिझेल मॉडेलांत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो आणि रोटरच्याच शाफ्टवर फिरतो. बारीक पाइपातून त्याला इंजिन ऑइल प्रेशरनं मिळतं, जाड होजमधून ते परत इंजिनात ओघळतं. पंप आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये असतं फक्त एक ऑइल सील. ते सील कडक झालं की ऑइल स्लिप रिंगच्या, म्हणजे रोटरवरच्या ज्या रिंगांवर कार्बन टेकतात त्यांच्या, खोलीत झिरपतं. कार्बनची भुकटी त्यात कालवली जाऊन काळा चिखल होतो, कार्बन होल्डरमध्ये अडकतो, रिंगवर नीट टेकत नाही आणि दिवा थरथरायला लागतो. आपण म्हणतो कार्बन संपले. नवे कार्बन टाकतो, ते काही महिन्यांत पुन्हा चिकटतात.

तयार करून ठेवलेल्या अल्टरनेटरमध्ये हा पंप उघडलेला असेलच असं नाही. चार्जिंगची बाजू बेंचवर तपासली जाते, कारण गिऱ्हाईक चार्जिंगबद्दलच विचारतं. पंपाच्या फायबरच्या पात्या झिजलेल्या असतात किंवा सील जुनंच असतं. मीटरवर 14.2 दाखवणारा असा माल गाडीला बसतो आणि ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो. केळघरचा किंवा पसरणीचा घाट उतरताना तो पायाखाली कडक लागला की चार्जिंगचा आकडा कितीही सुंदर असो, त्याचं काय करायचं? जवळच्या दुकानाची तोंडी गॅरंटी पंपाला धरते की नाही, यावरून वादही मी बरेच ऐकले आहेत. कदाचित काही दुकानं पंपही मनापासून करत असतील. पण ते उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि विकत घेताना कुणी उघडून दाखवत नाही.

म्हणून बॉडी, स्टेटर आणि रोटर धड असतील तर आपलाच अल्टरनेटर समोर बसून करून घेणं मला उजवं वाटतं. उघडण्याआधी दोन्ही झाकणांवर आडवी खूण करायला सांगा, नाहीतर जोडताना कान फिरतो. रोटरच्या दोन रिंगांमधला रेझिस्टन्स साधारण अडीच ते साडेचार ओहम येतो, आणि रिंग ते शाफ्ट काहीच यायला नको. स्टेटरच्या तारा मोकळ्या करून बॉडीशी कंटिन्युइटी बघा, तिथेही काही नको. डायोड एकेक करून तपासा: एका बाजूनं 0.5 ते 0.7, उलट बाजूनं काही नाही. तारांचा एकच फेज काळा पडला असेल तर बहुधा एखादा डायोड शॉर्ट आहे; सगळ्या काळ्या असतील तर जास्त भारानं भाजलाय.

रिंगांवर खाच असेल तर लेथवर हलका कट मारून घ्या, नुसता पॉलिश पेपर पुरत नाही. कार्बन पाच मिलिमीटरच्या खाली आले असतील तर बदला. दोन्ही बेअरिंग एकदमच बदला, जुन्या नंबरचीच, दोन्ही बाजूंनी रबर सीलची. एकच बदललं तर दुसऱ्यासाठी पुन्हा सगळं खोलावं लागतं. रेग्युलेटर चांगल्या कंपनीचा, पॅकिंग समोर फोडून. नवा बसवल्यावर चार्जिंग 14.8 च्या वर गेलं तर तो तिथेच परत करा, बॅटरी उकळू देऊ नका.

मग पंप. सील आणि ओ-रिंग नवे, पात्या काढून कडा बघायच्या. सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर नख फिरवा. नख अडकलं तर तिथे नवं सीलही गळणार. जागा असेल तर ते मिलिमीटरभर पुढे-मागे बसवून सील शाफ्टच्या कोऱ्या भागावर आणता येतं. परतीची होज आतून फुगली किंवा मुरगळली असेल तर बदला, आणि इंजिनचा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी वाट) साफ करा. जुन्या इंजिनात ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनशेजारून खाली निसटणारा वायू, जास्त असतो. ऑइलला परत जायला वाट मिळाली नाही की ते सील फोडूनच बाहेर येतं. सील वारंवार जाण्याचं मूळ पुष्कळदा पंपात नसून या होजमध्ये असतं. इतकं होऊनही दुरुस्तीचा खर्च अदलाबदलीच्या फार वर जाताना मी पाहिलेला नाही. जातो तो वेळ: पूर्ण एक दिवस, लेथवाला भरलेला असेल तर दोन.

स्टेटर जळला असेल तर मात्र दुरुस्तीचा हट्ट नको. वायंडिंग पुन्हा करून मिळतं, पण तारेचा गेज, वेढे आणि व्हार्निशची भाजणी तिन्ही जमली तरच ते टिकतं, आणि महाबळेश्वर, कासकडच्या पावसाळ्यात त्याची खरी परीक्षा होते. हेडलाइटचे दोन 55 वॉटचे लोबीम नऊ अँपिअरच्या आसपास घेतात. त्यावर वायपर, ब्लोअर, फॉगलाइट. चढावर धुक्यात गाडी पहिल्यात रांगत असते, आणि त्या कमी फेऱ्यांवर जुना अल्टरनेटर त्याच्या पाटीवरच्या आकड्याच्या निम्म्यानंही देत नाही. रोटर किंवा स्टेटर गेलेला असेल, कानांची भोकं झिजली असतील, तर नवाच घ्या. पंपासकट, त्याच मॉडेलचा, अधिकृत वितरकाकडून बिलासह. लुकास टीव्हीएस किंवा बॉशचं फक्त खोकं असलेला माल स्वस्तात मिळतो, तो घेऊ नका. जास्त अँपिअरचा घेण्याचा मोह झाला तर बॅटरीकडे जाणारी जाड वायरही बदलावी लागेल, आणि एकेरी व्ही बेल्ट तो भार ओढताना घसरू शकतो. जेवढ्याचा होता तेवढ्याचा पुरतो.

तिन्हींपैकी काहीही केलं तरी बसवताना बॅटरीचा मायनस आधी काढा. पंपाच्या तोंडातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, म्हणजे पहिल्या फेऱ्या कोरड्या होत नाहीत. ऑइल पाइपाच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच टाका. बेल्ट मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर दहा मिलिमीटरच्या आसपास दबायला हवा. पुलीच्या खाचेचा तळ चकचकीत दिसत असेल तर बेल्ट तळाला टेकतोय, म्हणजे बेल्ट किंवा पुली झिजली आहे. दोन दिवसांनी ताण पुन्हा बघा, कारण नवा बेल्ट थोडा सैल पडतोच.

आणि वायरमनचे पैसे देण्याआधी, इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. तसाच पाय ठेवून गाडी चालू करा. पेडल पायाखाली हळूच खाली जायला हवा. गेला नाही तर आधी व्हॅक्युमचा होज आणि त्याचा वन-वे व्हॉल्व्ह बघायला सांगा. ते ठीक असतील तर पंप पुन्हा उघडायचा.