जुन्या गाड्यांना शहरात सूट: वय बघून की तपासून?

जुन्या गाड्यांना शहराच्या रस्त्यांवर सवलत द्यावी का, यावर एक मित्र अडून बसलाय. द्यावी, पण कशी? दोन नमुने बघा. लंडनच्या प्रदूषण-शुल्कातून ४० वर्षांपुढची, ‘ऐतिहासिक’ करवर्गातली गाडी सुटते. धंद्याला वापरली नाही म्हणजे झालं. जर्मनीत ३० वर्षं पुरतात, पण मूळ रूप आणि स्थिती तज्ज्ञाकडून तपासून ‘एच’ अक्षराची नंबरपाटी घ्यावी लागते. मग पर्यावरण-क्षेत्राचं, म्हणजे धुरावर निर्बंध असलेल्या शहरी भागात शिरायला लागणारं, स्टिकर लागत नाही.

खटपट लंडनला कमी. धुराचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखंच: कार्ब्युरेटरवाल्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नसलेल्या इंजिनाला पाटीने फरक पडत नाही. खरा प्रश्न वापराचा. महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी गाडी हवा फारशी बिघडवत नाही, रोज ऑफिसला नेणारा बिघडवतो. आणि वय काय, भंगारालाही असतंच!

मोजक्याच जुन्या गाड्या असलेल्या शहराला लंडनची सोपी पद्धत चालेल. जिथे सवलतीसाठी खटारे रस्त्यावर येतील, तिथे जर्मन तपासणीच हवी. रोजच्या प्रवासाला सूट मागणाऱ्याला मात्र मी दोन्हीकडे नाहीच म्हणेन.