केबल चांगली, पण इलेक्शनच्या सीझनमध्ये जास्तच चांगली

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठे गेला ते खाली येईलच. नाव लिहीत नाहीये कारण आमच्या पट्ट्यात दुसरा केबलवाला नाहीच, ज्याला कळायचं त्याला बरोब्बर कळेल, आणि पुढच्या महिन्यात पॅक मारायला मला परत त्याच्याच ऑफिसात जायचंय.

डोंबिवली ईस्ट, चार माळ्यांची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. घरात टीव्ही एक आणि तो सासूबाईंचा. बाकीचे आम्ही मोबाईलवर काय बघायचं ते बघतो. सासूबाई अजून झी मराठीला अल्फा म्हणतात, कलर्स मराठीला ई-टीव्ही, पण रिमोटवरचे नंबर तोंडपाठ. नंबर बदलला की घरात बोंब. आणि हे केबलवाले वर्षातनं एकदा तरी नंबर बदलतातच, का ते विचारलं तर "वरून झालंय काकू". वरून म्हणजे कुठून ते कोणी सांगत नाही.

मध्ये मुलाने फार डोकं खाल्लं की केबल काढून टाक, सगळं ॲपवर दिसतं, कशाला महिन्याला साडेतीनशे घालवतेस. दिसतं ना, पण सासूबाईंना ॲप लावून कोण देणार? तो दहावीचे क्लास असलेला का स्टेशनवरनं धक्के खात येणारा त्याचा बाप? त्यांना बटण दाबलं की आठची मालिका आठला लागली पाहिजे आणि जाहिरात आली की गॅसकडे जाऊन भात बघता आला पाहिजे. शिवाय सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या, त्या चुकल्या तर दिवस पूर्ण होत नाही. म्हणून केबल.

पैशांचं आधी सांगते कारण लोक तिथेच फसतात. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचा (फोन-टीव्हीवाल्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियम आला, आपापले चॅनल निवडा, तेवढ्याचेच पैसे भरा. तेव्हा ते फॉर्म भरून घेत होते आठवतंय का, सगळ्या बिल्डिंगी पेन घेऊन बसल्या होत्या. साधं गणित असं होतं की नुसतं कनेक्शन चालू ठेवायचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ च्या आसपास, त्यात आधी शंभर आणि नंतर दोनशे चॅनल, आणि पैसेवाले चॅनल घ्याल त्याचे वेगळे. जुलै २०२४ ला ती १३० ची मर्यादाही ट्रायने काढून टाकली, आता ज्याचा त्याचा रेट. पण आमच्याकडे आजही काउंटरवर गेलं की पोरगा एकच विचारतो, "मराठी फॅमिली की मराठी फॅमिली स्पोर्ट?" म्हणजे दोनच पॅक, जसे काही जगात दोनच प्रकारचे लोक आहेत. मी एकदा म्हटलं, सुटे चॅनल घ्यायचेत, लिस्ट दे. त्याने ड्रॉवर उघडला. त्यात रबर बँड लावलेले दहाबारा जुने रिमोट, सेल, एक स्क्रू ड्रायव्हर, देवाचं कॅलेंडर आणि तळाला ती लिस्ट, चहाचा गोल डाग पडलेली. निघाली बरं का. आणि सुटे घेतले तर सासूबाईंचं सगळं बसून बिल कमीच आलं, कारण आम्ही न बघता जे कार्टून आणि हिंदी सिनेमाचे चॅनल पोसत होतो ते उडाले. तेव्हा लिस्ट मागा. लाजू नका. देत नाहीत असं नाही, मागितल्याशिवाय देत नाहीत.

पावती मात्र मागून मागून थकले. "व्हॉट्सॲपवर येईल." येत नाही. अर्धा स्टार इथे गेला.

आता सर्व्हिस. ही खरी ताकद आहे त्यांची, खोटं कशाला बोला. चित्र गेलं, फोन केला, तर साधारण त्याच संध्याकाळी पोरगा येतो. खांद्यावर वायरचं भेंडोळं, वायर सोलायला कटर खिशात असतो पण सोलतो दातानेच, टोक वळवून कनेक्टर बसवतो, "बघा काकू", झालं. डिशवाल्यांकडे आमच्या शेजारच्या बाईंना आधी मशीनशी बोलायला लागतं, मग दुसऱ्या मशीनशी, मग टेक्निशियन परवा. इथे मशीन नाही, पोरगा आहे, आणि तो कुठे चहा पितो तेही आपल्याला माहीत आहे. ही गोष्ट पैशांत धरता येत नाही.

पण एक लोचा समजून घ्या, आमच्या बिल्डिंगीत निम्म्या लोकांना कळतच नाही. आपल्या घरी लाईट आहे, टीव्ही चालू आहे, तरी "नो सिग्नल" का येतं? तर ऑफिसातनं फायबर येते ती नाक्यावरच्या डब्यापर्यंत, तिथनं पुढे ती काळी जाड वायर गच्चीगच्चीवरून आंब्याच्या फांद्यांतनं फिरत येते, आणि मध्ये कुठल्यातरी गच्चीवर ॲम्प्लिफायर लावलेला असतो सिग्नल वाढवायला. त्या ॲम्प्लिफायरला लाईट लागते. ज्या बिल्डिंगीच्या गच्चीवर तो आहे तिची लाईट गेली की मागच्या सगळ्या बिल्डिंगी आंधळ्या, मग तुमच्याकडे लाईट असली काय नसली काय. आमचा सिग्नल समोरच्या सोसायटीतनं येतो आणि त्यांचा फेज वेगळा. त्यामुळे मेंटेनन्ससाठी त्यांची लाईट घालवली की दुपारची मालिका गेलीच. आणि ती लाईट कोणाच्या मीटरवर? सोसायटीच्या कॉमन मीटरवर! बदल्यात वॉचमनच्या केबिनमध्ये कनेक्शन फुकट. समोरच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावरनं दर वर्षी भांडण होतं, कोणीतरी नवीन माणूस उठून म्हणतो बिल केबलवाल्याने भरायचं, सेक्रेटरी म्हणतात बघू, आणि विषय पुढच्या मीटिंगला. दादांच्या माणसाला नाराज कोण करणार.

तर दादा. दादा म्हणजे मालक. आमच्याकडे केबल आणि राजकारण हे वेगळं कधी नव्हतंच, एरिया कोणाचा हे आधी वायरीवरनं ठरायचं. २०१३ ला कल्याण-डोंबिवलीत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले (मुंबईत आधीच, २०१२ ला), तेव्हा वाटलं होतं आता हे छोटे केबलवाले संपणार, पण नाही, वरची कंपनी बदलली आणि खाली दादा तेच. घराघराची माहिती त्यांच्या पोरांना आहे, कोण भाड्याने आलं, कोण गावाला गेलं, कोणाकडे म्हातारं माणूस एकटं आहे. मतदार यादी पण एवढी अपडेट नसेल.

महापालिकेची निवडणूक आधीची २०१५ ची. २०२० ला मुदत संपली आणि तिथनं प्रशासकच. म्हणजे पाच वर्षं वॉर्डात नगरसेवक नावाचा माणूसच नाही, गटार तुंबलं तर सांगायचं कोणाला तर दादांच्या केबल ऑफिसात. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान लागलं. सीट लेडीज, म्हणून उभ्या राहिल्या वहिनी. आणि काय सांगू, नोव्हेंबरपासनं आमच्या केबलचा असा काही सुवर्णकाळ आला! चित्र जरा फाटलं, फोन ठेवेपर्यंत पोरगा दारात. रिमोटचे सेल फुकट. जुन्या बॉक्सच्या जागी नवीन एचडी बॉक्स, "वहिनींकडून समजा". तिळगुळाची पाकिटं मतदानाच्या आदल्या दिवशी आली, संक्रांत १४ लाच होती त्यामुळे कोणी काही बोलूही शकत नाही, टायमिंग बघा.

आणि लोकल चॅनल! ज्यांच्याकडे केबल नाही त्यांना हे सुख कळणारच नाही. एरवी त्यावर काय असतं तर जुने सिनेमे, मध्येच खाली पट्टी "मंगळवारी पाणी येणार नाही", मग क्लासची जाहिरात, साडी सेल, कोणाच्या तरी नातवाचा पहिला वाढदिवस, फडके रोडवरची दिवाळी पहाट पूर्ण चार तास एकाच अँगलने. त्यात आपल्या ओळखीची तोंडं शोधायची. सासूबाईंना हा चॅनल झीपेक्षा आवडतो असं माझं मत आहे, त्या कबूल करत नाहीत. तर डिसेंबरात त्यावर सिनेमे बंद आणि वहिनी चालू. वहिनी हळदीकुंकू करताना, वहिनी पेव्हर ब्लॉक बघताना, वहिनी ज्येष्ठ नागरिकांशी बोलताना, मागे ढोलताशा. समोरच्या पॅनलचा उमेदवार दिसला म्हणाल तर एकदाही नाही. हे मला खटकलं आणि यासाठी पण अर्धा स्टार जातो. पाण्याची पट्टीसुद्धा वहिनींच्या फोटोखाली यायला लागली होती, पाणी जणू त्याच सोडणार.

१६ ला निकाल, वहिनी आल्या निवडून. फटाके रात्रीपर्यंत.

त्यानंतरची सर्व्हिस कशी हे खरं विचारायचं असेल ना, तर ठीक. आधीसारखी नाही, पण पडली पण नाही. फरक एवढाच की आता ऑफिसला फोन लावला की पोरगा पहिलं विचारतो, "केबलची तक्रार का वॉर्डाची?" तेच टेबल, तीच वही, फक्त मध्ये पेनाने रेघ मारलीये, डावीकडे केबल, उजवीकडे वॉर्ड. मी डोकावून बघितलं. डावीकडच्या तक्रारींवर बऱ्यापैकी टिकमार्क, उजवीकडे यादी नुसती वाढतेय. वॉर्डाचं विचारलं तर म्हणे पॅनल सिस्टीम आहे ना काकू, तुमचा रस्ता दुसऱ्या मेंबरच्या पत्राने होणार. एका प्रभागात तीन-चार नगरसेवक केलेत त्याचा हा फायदा, प्रत्येकाकडे बोट दाखवायला बाकीचे आहेत. केबलमध्ये ती सोय नाही, चित्र गेलं तर पोरालाच यावं लागतं. पण दादा स्वतः पूर्वी काउंटरवर भेटायचे, पॅकमध्ये वीसतीस रुपये सोडायचे, ते आता "मीटिंगमध्ये". सूट बंद. उरलेला अर्धा स्टार त्या वीस रुपयांचा, पकडा.

आता ज्यांना गावाला जायचंय त्यांच्यासाठी, कारण आमच्याकडे गणपतीला सगळं घर रिकामं होतं. मे महिन्यात आणि गणपतीत पॅक होल्ड करता येतो का? येतो, पण हे लोक म्हणतात पूर्ण महिनाभर बंद ठेवणार असाल तरच, दहा दिवसांचं काही नाही. तेव्हा वर्षाचा पॅक एकदम मारायच्या आधी गावाचा हिशोब करा. आम्ही आता सहा महिन्यांचाच मारतो. सासूबाई गणपतीच्या आधी पंधरा दिवस जातात, साफसफाईला, आणि दसऱ्याच्या तोंडावर येतात, म्हणजे महिना सहज भरतो आणि तेवढे पैसे वाचतात. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० होते, म्हणजे जुलैच्या मध्यावर सकाळी आठला सगळा कोकण एकदम साईटवर आणि दोन मिनिटांत वेटिंग. नाही मिळालं तर दिव्यावरनं सावंतवाडी पॅसेंजर आहेच, डोंबिवलीकरांना दिवा हाकेवर, पण बसायला मिळेल या भ्रमात राहू नका.

आणि तिसरा मार्ग पुन्हा केबल ऑफिसातनंच जातो! मागच्या गणपतीत चाकरमान्यांसाठी फुकट बसेस सोडल्या होत्या, सगळेच पक्ष सोडतात म्हणा, तर आमच्या बसची यादी त्याच वहीत. आधारची झेरॉक्स, गावाचं नाव, सीट किती. सासूबाई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी त्याच बसने गेल्या, वाटेत नाश्ता पण दिला, आणि बसमधल्या टीव्हीवर काय लागलं होतं ते सांगायला नको. आता निवडणूक झालीये, या वर्षी बस सुटते का बघायचं. मी पोराला विचारलं तर म्हणाला, "वरून आलं की सांगतो."

त्यांचं इंटरनेट मात्र घेऊ नका, निदान आमच्या गल्लीत तरी. फायबर म्हणतात पण बिल्डिंगीत येते ती साधी वायर, संध्याकाळी सगळे बसले की मुलाचा ऑनलाईन क्लास गोल गोल फिरत बसतो. आम्ही नेट दुसरीकडून घेतलं. दादांना वाईट वाटलं असेल तर वाटू दे. आणि बॉक्सचं एक लक्षात ठेवा, याचा बॉक्स दुसऱ्या कुठल्या केबलला की डिशला चालत नाही, सोडलं की तो डब्बा. नवीन कनेक्शन घेताना बॉक्स विकत देताय का वापरायला, डिपॉझिट परत मिळणार का, हे आधीच लिहून घ्या, कागद नसेल तर मोबाईलवर फोटो काढा त्या वहीचा.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी डोळे झाकून घ्या. तरुण लोकांना गरज नाही, तुम्ही ॲपच बघा. ऑफिस सकाळी दहा ते एक उघडं असतं, दुपारी शटर अर्धं असतं पण आत पोरगा झोपलेला असतो, हाक मारा. सोमवारी संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा वहिनींचा जनता दरबार असतो आणि केबलच्या पैशांसाठी पण लाईनीत उभं करतात.